टोपी फुटली असती

चिमा : ...पण वहिनी, मी दादाला व्यासपीठावर चढवून भाषण ठोकायला लावत नाहीये गं. पाच-दहा मिनिटं फक्त. माझाच वर्ग, माझीच मुलं. खुर्चीत बसून बोलायचं.

वहिनी : जरा सरका. तुमच्या मागची परात हवीये.

चिमा : ही घे. ऐकतेयस ना?

वहिनी : हात पिठात आहेत, कान मोकळे आहेत. बोला.

चिमा : अगं, आमच्याकडची निम्मी मुलं सायकलवरून शाळेत येतात. हेल्मेट घाला म्हणून मुख्याध्यापकांनी पालकांना पत्रक काढलं. त्यात लिहिलं ‘शिरस्त्राण’! आठवडाभर कार्टी एकमेकांना ‘ए शिरस्त्राण’ म्हणून हाका मारत होती. घरातून निघताना घालतात, कोपऱ्यावर वळलं की काढतात आणि हँडलला अडकवतात. परवा एक मुलगी फाटकासमोरच आपटली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण मी धावत गेले, तर तिचं डोकं फुटपाथच्या कडेपासून एवढंसं लांब. मला दादाच दिसला तिथे.

वहिनी : हं.

चिमा : माझं ती ऐकत नाहीत. मी बाई. बाई बोलणारच, त्याचाच पगार घेते. दादाने सांगितलं तर ऐकतील. आणि त्यालाही तेवढंच बरं वाटेल ना? घरात बसून कंटाळला असेल. फोनवर किती छान बोलतो आता, अगदी पहिल्यासारखा.

वहिनी : फोनवर.

चिमा : म्हणजे?

वहिनी : तुमचा फोन यायचा असला की मी त्या दिवशी ह्यांना दुसरं काही करू देत नाही. सकाळपासून पडून राहतात. मग पाच मिनिटं बोलतात, अगदी पहिल्यासारखे. फोन ठेवला की पडदे ओढून झोपतात ते दिवे लागेपर्यंत.

चिमा : हे तू कधी बोलली नाहीस.

वहिनी : बोलले होते. तुम्ही म्हणालात, वहिनी, तू काळजी फार करतेस.

चिमा : आता मला वाईट वाटायला लावू नकोस हं.

वहिनी : नाही लावत. तुमचं एकटीचं नाही. सगळेच तसं म्हणतात. ऑपरेशन झालं तेव्हा डोक्याला पट्टी होती, तोवर माणसं येत होती, डबे देत होती. पट्टी निघाली. टाक्यांवर केस आले. केस आले आणि लोकांनी ठरवून टाकलं, बरा झाला.

चिमा : पण डॉक्टर तर म्हणाले होते ना, धोका टळला म्हणून?

वहिनी : टळलाच की. माणूस जिवंत आहे, चालतोय, जेवतोय. ते खोटं नाही बोलले. चिमाताई, ते मीठ घ्या वाटीतलं, नाही, सगळं नको, तेवढंच. हं, टाका.

चिमा : आणि दादा काय करतो मग दिवसभर?

वहिनी : मळलेल्या पिठाचे गोळे करतात. ते हातांना आठवतं. मीठ मी घालते. एकदा त्यांनी तीनदा घातलं, आख्खा घाणा गेला. गिऱ्हाइकाशी बोलायला पाठवत नाही. चिडतात. नाहीतर एकदम रडायला येतं. परवा एका बाईने नुसतं विचारलं, कसे आहात शेट? तर डोळ्यांतून धारा. ती बिचारी पाव न घेताच गेली.

चिमा : दादा रडला? आई गेली तेव्हा नाही रडला तो.

वहिनी : तेव्हाचे ते निराळे.

चिमा : तू किती शांतपणे सांगतेयस गं.

वहिनी : शांत नाही हो. दमलेय. दोन्ही बाहेरून सारखंच दिसतं.

चिमा : मला खरं म्हणजे नीट कुणी सांगितलंच नाही त्या दिवशीचं. कुणीतरी उभ्या गाडीचं दार उघडलं आणि दादा त्यावर आदळला, एवढंच माहीत आहे.

वहिनी : तेवढंच झालं. यीस्ट संपलं होतं. वळणापलीकडच्या दुकानातून आणायला निघाले. गाडीतल्या माणसाने मागे न बघता दार उघडलं. सायकलला वेगसुद्धा नव्हता. समोरचा न्हावी बघत होता. म्हणाला, पिठाचं पोतं कलंडावं तसे कलंडले, हळूच. डोक्याची ही बाजू फुटपाथच्या कडेवर. उठले, कपडे झटकले, त्या माणसालाच म्हणाले, तुम्हाला लागलं नाही ना? वर यीस्ट घेऊन आले.

चिमा : यीस्ट घेऊन आला?

वहिनी : घेऊन आले, चहा मागितला, मडगार्ड ठोकून सरळ केलं. दुपारभर भट्टीपाशी उभे होते. रक्ताचा टिपूस नाही. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ या. तर म्हणे, टेंगूळ दाखवायला डॉक्टर? संध्याकाळी माझ्या नावाच्या जागी तुमचं नाव घ्यायला लागले. मग उलट्या. मग जे काय ते, तुम्हाला ठाऊक आहेच. आत रक्त साकळत होतं आणि बाहेर माणूस चहा पीत होता.

चिमा : आणि हेल्मेट?

वहिनी : दारामागे. आता मी घालते. पाव पोचवायला मीच जाते ना सायकलवरून. तोच न्हावी म्हणतो, वहिनी, वरातीमागून घोडं. मी म्हटलं, भाऊ, वरात गेली तरी घोड्यावर बसायचं आहेच अजून.

चिमा : वहिनी...

वहिनी : दुकानात कुणीतरी आलंय. आणि हे पण उठलेत वाटतं, चपला वाजल्या. ट्रे आत्ताच आत ढकललाय बिस्किटांचा. टायमर लावलाय. तो वाजला की मला हाक मारा, बास. तुम्ही काही काढायला जाऊ नका, भाजाल.

दादा : चिमे. कधी आलीस?

चिमा : मघाशीच. तू झोपला होतास. कसा आहेस रे? बारीक झालास.

दादा : चवच नाही ना कशाला. ते बंद कर.

चिमा : काय?

दादा : ते... टकटक करतंय ते.

चिमा : टायमर? अरे, वहिनीने लावलाय.

दादा : डोक्यात सुतार बसल्यासारखं होतं. हं. झाला बंद. मी आहे ना इथे. माझीच भट्टी आहे.

चिमा : तुला टायमर लागायचाच कधी? बाबा म्हणायचे, ह्याला घड्याळ नको, ह्याला नाक आहे. अंथरुणातून ओरडायचास, पाव काढा! आणि काढावं तर बरोब्बर रंग आलेला.

दादा : बाबा चिडायचे. म्हणायचे, उठून काढ की मग.

चिमा : आणि तू घोरायला लागायचास, खोटं खोटं.

दादा : हं. मुलं कशी आहेत तुझी? घरची नाही. ती... जिथे तू... फळा असतो तिथे.

चिमा : शाळेतली?

दादा : शाळा. बघ. फळा आहे, खडू आहे, घंटासुद्धा आहे. शाळा नाही. मघाशी होती, आत्ता गेली. तू आल्यापासून किती वेळ झाला? कधी आलीस?

चिमा : मघाशीच रे. आहेत, मुलं छान आहेत. वात्रट आहेत. एकाने तर परवा माझ्या पिशवीत बेडूक... दादा.

दादा : काय?

चिमा : काही करपतंय का?

दादा : कुठे?

चिमा : कुठे काय? अरे, तुझ्या समोर! धूर येतोय भट्टीतून! वहिनी! वहिनी, लवकर ये गं!

वहिनी : सरका. दोघंही सरका. ते जाड फडकं द्या. ते नाही, ते ओलं आहे.

(ट्रे टेबलावर आपटल्याचा आवाज.)

चिमा : माझंच चुकलं. टायमर बंद केला तेव्हाच मी...

वहिनी : कुणाचं काही चुकलं नाही. बिस्किटं आहेत. काळी झाली. टाकून देऊ.

दादा : टायमर का नव्हता लावला?

वहिनी : लावला होता.

दादा : नव्हता! मला कुणी काही सांगत नाही ह्या घरात! माझ्या भट्टीपाशी मलाच बाहुल्यासारखं उभं करता! खोटं बोलता! दोघी बाहेर कुजबुजता, मला कळत नाही वाटतं? गाढव आहे मी? गाढव आहे?

चिमा : दादा, ट्रेला हात लावू नकोस! गरम आहे तो!

वहिनी : चिमाताई, बोलू नका. काहीच बोलू नका. खिडकी उघडा तेवढी आणि दिवा मालवा. अहो, इकडे या. स्टुलावर बसा. हात बघू. नाही भाजलं. बसा. मी इथे आहे. पाणी घ्या.

दादा : मी ओरडलो का गं?

वहिनी : थोडंसं.

दादा : हिच्यावर?

वहिनी : भट्टीवर.

दादा : बरं. भट्टीला सवय आहे.

चिमा : दादा, मी निघते थोड्या वेळाने. सहज आले होते भेटायला.

दादा : खोटं. तू सहज येणाऱ्यातली नाहीस. लहानपणीसुद्धा काही हवं असलं की पाय चेपायला यायचीस.

चिमा : नाही रे, खरंच...

वहिनी : सांगून टाका. लपवलं की त्यांना जास्त त्रास होतो. हळू सांगा, एक एक.

चिमा : माझी मुलं सायकलवर हेल्मेट घालत नाहीत. मला वाटलं, तू येऊन त्यांना तुझं सांगावंस. पण राहू दे, दादा. मला कल्पना नव्हती. मी एखादा पोलीस बोलावते, तो चित्रं दाखवेल.

दादा : चित्रं. हं. माझ्याकडे दाखवायला काय आहे? पाय मोडला असता तर प्लॅस्टर दाखवलं असतं. आतलं कसं दाखवू? मुलं म्हणतील, काका तर धडधाकट आहेत.

चिमा : म्हणूनच म्हणते, राहू दे.

दादा : मी नाही म्हटलं का? विचार.

चिमा : काय विचारू?

दादा : मुलं विचारतील ते विचार. मी सांगतो का बघू. जमलं तर येईन.

चिमा : वहिनी?

वहिनी : विचारा. मी पीठ झाकते तोवर.

चिमा : बरं. मी वर्गातला पहिल्या बाकावरचा, समजा. काका, तुम्ही पडलात तेव्हा खूप रक्त आलं का?

दादा : अजिबात नाही आलं.

चिमा : हात्तिच्या! असंच म्हणणार बघ तो.

दादा : म्हणू दे. त्याला सांगायचं, रक्त बाहेर आलं असतं तर कळलं तरी असतं. ते आत गेलं. हे मला हिने सांगितलंय, मला आठवत नाही.

चिमा : काका, अजून दुखतं का?

दादा : उजेड दुखतो. ते पीठ मळायचं... मशीन...

वहिनी : मिक्सर.

दादा : मिक्सर दुखतो. आणि दोघं एकदम बोलले की दुखतं.

चिमा : म्हणजे आम्ही वर्गात एका वेळी एकानेच बोलायचं?

दादा : तेवढं जमवा. तुमच्या बाईंनाही बरं पडेल.

चिमा : दादा, हे तू तिथे म्हटलंस ना, तर मी तुझे पाय चेपीन. बरं. काका, तुम्ही बेकरीवाले. तुमच्या पावाला अजून चांगला वास येतो का?

दादा : येतो. मला येत नाही.

चिमा : काहीच येत नाही?

दादा : धूर नाही, लोणी नाही. हिने केसांना तेल लावलं तरी नाही. पाव खाल्ला तर ओल्या पुठ्ठ्यावर लोणी फासल्यासारखं लागतं. लोणी नुसतं गुळगुळीत. आता... पुढचा प्रश्न.

वहिनी : दमलात तर थांबा.

दादा : थांबतो गं. विचार, चिमे.

चिमा : हेल्मेट घातलं असतं तर तुम्ही पडला नसता का?

दादा : पडलोच असतो. दार उघडलं तर कुणीही पडणार. मी डॉक्टरांना हेच विचारलं होतं. म्हणाले, पडला असतात, टोपी फुटली असती.

वहिनी : आणि टोपी दुसरी मिळते.

चिमा : थांब, हे मला लिहून... नाही, लक्षात राहील. एकच राहिलं. हे नक्की विचारणार कुणीतरी. विचारू ना?

दादा : हं.

चिमा : काका, मग तुम्ही घातलं का नव्हतं? नको. हा सोडून देऊ.

दादा : मला माहीत नाही. तो दिवसच नाही माझ्याकडे. सकाळ नाही, ते दार नाही, यीस्ट नाही. अगं, तू होतीस ना घरात? का नव्हतं घातलं मी?

वहिनी : होते मी.

दादा : मग? घाईत होतो?

वहिनी : नाही. कणीक भिजायची होती अजून. घाई कसली?

दादा : भांडलो होतो आपण?

वहिनी : नाही हो.

दादा : तू कधी विचारलं नाहीस मला. आल्यागेल्याने विचारलं. तू नाही.

वहिनी : तुम्ही शुद्धीवर आलात तेव्हा विचारणार होते. ओरडूनच विचारणार होते. तर तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, बाई, जरा खिडकी लावता का? तेव्हा मग विचारायला कुणी उरलंच नाही.

दादा : आता सांग. का नव्हतं घातलं?

वहिनी : दारामागे खिळ्याला होतं. तुम्ही त्याच्या शेजारून गेलात. दार उघडताना तुमचा खांदा लागला, ते हललंसुद्धा. तुम्ही शीळ घालत होतात. ऊन छान पडलं होतं. बस. कारण काहीच नव्हतं. मी फार शोधलं. मळताना शोधलं, पाव पोचवताना शोधलं. एखादं कारण सापडतं ना, तर त्याच्यावर चिडून मोकळी झाले असते. राग ठेवायलाही जागा लागते माणसाला. ती नाहीच.

दादा : शीळ घालत होतो?

वहिनी : हो. बेसूर.

दादा : हे सांगेन मी मुलांना. कारण काही नव्हतं, म्हणेन. हसतील.

चिमा : नाही हसणार.

दादा : हसू देत. हसली की ऐकतात, तूच म्हणायचीस. चिमे, रडतेस काय? शाळेतली बाई ना तू? बघ, आला. शाळा. आला शब्द.

चिमा : आला, दादा.

दादा : आता मला उजेड टोचतोय. मी पडतो जरा. अगं, ती बिस्किटं टाकू नको सगळी. वरून खरवडली तर कोंबड्यांना चालतील.

वहिनी : बघते. भिंतीला धरून जा. पडदा ओढलाय मी.

दादा : चिमे, तू कधी आलीस? चहा घेतलास का?

चिमा : आत्ताच आले. घेतला.

वहिनी : ...झोपतील आता. हळू बोला.

चिमा : वहिनी, मी नाही नेत त्याला. एवढ्या बोलण्याने असा गळून गेला. तिथे तीसेक मुलं, बाक सरकवण्याचे आवाज, घंटा. आणि मध्येच भडकला तर? रडला तर? मुलांच्या पुढ्यात?

वहिनी : न्या.

चिमा : पण मघाशी तूच...

वहिनी : मघाशी त्यांनी हो म्हटलं नव्हतं. आता म्हटलंय. इतके महिने सगळे त्यांना काय नको करू तेच सांगतायत. भट्टीला हात लावू नको, दुकानात जाऊ नको, सायकल बघू नको. त्यात मीही आले. आज ते कुणाला तरी काही द्यायला निघालेत. आणि भडकले तर भडकले, रडले तर रडले. मुलांना चित्रं दाखवणारा पोलीस मिळेल. हे नाही मिळणार.

चिमा : आवाज नको म्हणून मी घंटा बंद ठेवायला सांगेन. खिडक्यांना जाड कागद लावेन. सकाळची वेळ ठेवू, तेव्हा बरा असतो ना तो?

वहिनी : सकाळीच. न्याहारी झाल्यावर. आदल्या दिवशी फोन करू नका.

चिमा : नाही करत. आणि शब्द अडला तर?

वहिनी : मी असेन ना.

चिमा : तू येशील? मग बेकरी?

वहिनी : बंद. दाराला पाटी लावेन.

चिमा : गिऱ्हाईक कुरकुरेल.

वहिनी : कुरकुरू दे. एक दिवस सगळ्यांनी शिळं खावं. चिमाताई, तुमच्या वर्गात मागे बाक असतो ना? भिंतीला पाठ टेकता येते असा?

चिमा : असतो की. शेवटचा. तिथे बसणारी मुलं काही केल्या पुढे यायला तयार नसतात.

वहिनी : त्या दिवशी तेवढा रिकामा ठेवा. मी तिथे बसेन. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा, काकांचा शब्द अडला तर मागच्या बाईंना हाक मारायची. एरवी त्या पेंगताना दिसल्या तर उठवायचं नाही.